बुधवारी अडीच वाजता

आमच्या वाचनालयाचा मुक्तद्वार विभाग सकाळी आठला उघडतो. कुलूप काढायच्या आधीच पायरीवर चार-पाच जण उभे असतात, सगळे निवृत्त आणि सगळे पुरुष. कोणाला ‘पुढारी’ आधी हवा असतो, कोणाला ‘सकाळ’. अग्रलेख आणि निधनवार्ता ही दोन पानं हातोहात फिरतात. साडेदहापर्यंत पेपर वाचून होतात, खुर्च्या रिकाम्या होतात आणि मंडळी घरी जातात. एक निवृत्त मुख्याध्यापक पेपरची घडी घालता घालता मला म्हणाले, “बाई, माझा दिवस खरा साडेदहाला सुरू होतो, आणि मग तो संपता संपत नाही. दुपारी कुठं जायचं माणसानं?”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणारी जी वाचनालयं राज्यभर आहेत, त्यांतलंच आमचं एक. खाली देवघेव आणि मुक्तद्वार, वर पत्र्याचा हॉल. हा हॉल एरवी दोन-चार कार्यक्रमांपुरता उघडायचा. गुरुजींचा प्रश्न मी कार्यकारिणीपुढे ठेवला. आठवड्यातली एक दुपार हॉल ज्येष्ठांसाठी उघडा ठेवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. आजही ते माझ्याकडेच आहे. नोकरीत मी जी जी कामं केली, त्यांत याचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं.

गावात ज्येष्ठ नागरिक संघ आधीपासून होता. फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाला जोडलेले असे संघ महाराष्ट्रात गावोगाव आहेत. प्रवासाच्या सवलती असोत, आरोग्य शिबिरं असोत, नाहीतर मुलांनी घराबाहेर काढलेल्या आईबापांची बाजू असो, संघांनी फार मोठं काम केलेलं आहे. पण महिन्याच्या बैठकीची घडी सगळीकडे सारखीच: वाढदिवसांचे सत्कार, एक व्याख्यान, चहा-पोहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून जाणत्याने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. वाचनालयातच वाढले असल्याने मला तिच्याबद्दल आदर आहे. तरीही संघाच्या बैठकीत मागे बसले की मला चुटपुट लागायची. बोलणारा चाळिशीतला असायचा. समोर बसलेल्यांत तालुक्याच्या जमिनीची दप्तरं सांभाळलेला माणूस असायचा, घाटात रात्री-बेरात्री एसटी चालवलेला असायचा, उपकेंद्रात शेकडो बाळंतपणं केलेल्या सिस्टर असायच्या. त्यांना ‘वृद्धत्व आनंदी कसं करावं’ हे सांगितलं जायचं. त्यांना काय येतं, हे मात्र कोणी विचारत नसे.

आम्ही बुधवार धरला, कारण बुधवार आमचा आठवडी बाजार. वाड्या-वस्त्यांवरची माणसं सकाळच्या एसटीने येतात, बारा-एकपर्यंत बाजार उरकतात, आणि परतीच्या गाडीला पाच वाजतात. मधला वेळ स्टँडच्या बाकावर, नाहीतर देवळाच्या ओसरीवर. म्हणून वेळ दुपारी अडीचची. या वेळेवरून कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. संघाची बैठक संध्याकाळी पाचला असते, तीच वेळ ठेवा असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी हटले नाही. पाच वाजता धारा काढायच्या असतात, चूल पेटवायची असते, नातवंडं शाळेतून आलेली असतात. पाचच्या कार्यक्रमाला बाई येऊ शकत नाही, आणि मग ‘बायकांना आवड नाही’ असा शेरा पडतो. अडीचला त्या आल्या. आधी दोघी, दारात चपलांपाशी उभ्या राहून आत कोण आहे ते बघून.

हॉल खऱ्या अर्थाने भरायला लागला तो एसटीच्या तिकिटामुळे. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट आधीपासून होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. ज्या आजी महिन्यातून एकदा बाजाराला यायच्या त्या दर बुधवारी यायला लागल्या. घरी तिकिटाचे पैसे मागायची वेळच कमी आली. ज्येष्ठांसाठी काही सुरू करू पाहणारे लोक मला विषय कोणते घ्यावेत, वक्ते कुठून आणावेत हे विचारतात. मी त्यांना आधी गाडीचं वेळापत्रक बघायला सांगते.

सुरुवातीचे बुधवार गप्पांत गेले. त्यात काही वाईट नव्हतं. मग एके दिवशी दाराशेजारच्या खुर्चीवर गप्प बसून राहणाऱ्या एका सभासदांपुढे कोणीतरी एक कागद धरला. हे निवृत्त तलाठी. तालुक्यातल्या किती सजा त्यांनी सांभाळल्या असतील, सगळे त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतात. कागद सातबाऱ्याचा होता. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बोलायला लागले. बघता बघता त्यांच्याभोवती कडं झालं. मी कोठीतला जुना फळा बाहेर काढला आणि पुढच्या बुधवारी आपापला सातबारा घेऊन यायला सांगितलं.

त्या बुधवारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, रेशनकार्डाच्या घडीतून, ब्लाउजमधल्या पाकिटातून सातबारे निघाले. काही हस्तलिखित, किती वर्षांपूर्वीचे कोण जाणे. काही अलीकडचे, डिजिटल सहीचे. भाऊसाहेबांनी फळ्यावर सबंध उतारा आखला. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाची याचा अभिलेख. खालचा गाव नमुना बारा, म्हणजे पिकाची नोंद. भोगवटादार वर्ग एक म्हणजे काय, वर्ग दोन म्हणजे काय, आणि वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय का विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, विहिरीतला हिस्सा असतो. मग त्यांनी नावाशेजारच्या वर्तुळातल्या आकड्यावर खडू ठेवला. “हा फेरफार नंबर. हा म्हणजे त्या नावाचा जन्मदाखला. नाव कुठून आलं, कोणी लावलं, कधी लावलं, सगळं या आकड्याच्या मागं सापडतं.”

‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरं समोरच्या अनेकांनी आयुष्यभर पाहिली होती. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला की थोरल्याचं नाव लावायचं, पुढे ही अक्षरं लिहायची, आणि धाकट्या भावांची नावं कागदावर यायचीच नाहीत. एक धाकटे भाऊ, वय सत्तरीच्या पुढे, बराच वेळ तो उतारा हातात धरून होते. मग म्हणाले, “म्हंजी मी कसतो ती जमीन कागदावर माझी न्हाईच?” भाऊसाहेबांनी ती नोंद कमी करून सगळ्या भावांची नावं कशी लावायची, अर्ज कोणाकडे करायचा, ते शांतपणे सांगितलं.

बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एक मावशी तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. भाजीची पाटी जिन्याखाली ठेवून वर यायच्या. त्यांचा उतारा भाऊसाहेबांनी बोट फिरवत वाचला. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, रकान्यात दोन मुलांची नावं.

“मावशी, तुमचं नाव कुठाय?”

“माझं कशाला आसंल? पोरांचं हाय की.”

भाऊसाहेबांच्या बोलण्यात दया नव्हती आणि उपदेशही नव्हता. त्यांनी नियम सांगितला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवरा गेल्यावर बायको, मुलगे आणि मुली एकाच वर्गातले वारस. नोंद करताना सगळ्यांची नावं द्यावी लागतात. तलाठी ती वारस नोंदवहीत घेतो, मग फेरफार धरतो, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यांत कुठेतरी मावशींचं नाव गळलं होतं, किंवा दिलंच गेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी कोरा कागद मागून घेतला आणि अर्ज लिहून दिला. अक्षर दप्तरातलं, रेषेवर बसलेलं.

पुढच्याच्या पुढच्या बुधवारी मावशींचा थोरला मुलगा हॉलमध्ये आला. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात काय भरवता, असं त्याचं म्हणणं होतं. भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि त्याचाच उतारा त्याच्यापुढे ठेवून, त्याच्या बहिणीचं नावही कुठे नाही हे दाखवलं. २००५ नंतर मुलीचा हक्क कसा आणखी भक्कम झाला आहे आणि उद्या तिने विचारलं तर काय होईल, हे सांगितलं. तो तासभर बसला. मावशींचं नाव लागलं का, हे त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. घरातली गोष्ट आहे. पण त्यांनी यायचं सोडलं नाही, आणि त्यांच्या वाडीतल्या आणखी तिघी आपापले कागद घेऊन आल्या.

त्याच सुमारास एका शेतकरी आजोबांनी विचारलं, “मी जित्ता असताना मालकिणीचं नाव लावता येतं का?” येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली होती, आणि १९९२ मध्ये सरकारने तसा आदेश काढला: नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव त्याच्या जोडीला सातबाऱ्यावर लागतं. भाऊसाहेबांनी स्वतः अशा नोंदी केल्या होत्या. आजोबांनी अर्ज केला. नवीन उतारा घेऊन दोघं एका बुधवारी एकत्र वर आली आणि पेढे वाटले.

भाऊसाहेबांच्या पत्नी मला देवळात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की हे आता मंगळवारी रात्री लवकर जेवतात, उद्याची तयारी असते म्हणून. निवृत्तीनंतर ते घरात कोणाशी फारसं बोलतच नव्हते.

या कामासाठी मी काही वाचत होते, त्यात मला फ्रान्समधल्या तुलूझची गोष्ट मिळाली. १९७३ मध्ये तिथल्या विद्यापीठात पिएर व्हेला यांनी निवृत्तांसाठी वर्ग सुरू केले. ही कल्पना इंग्लंडात केंब्रिजला पोहोचली १९८१ च्या आसपास, आणि तिथे पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी तिचं रूपच बदललं. विद्यापीठ नको, पगारी शिक्षक नको, परीक्षा नको, पदवी नको. ज्याला जे येतं ते त्याने शिकवावं, आणि तोच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसावा. हे वाचताना मला भाऊसाहेबांचा फळा दिसत होता. फरक एवढाच की तिथल्या मंडळींत बहुतेक लिहिणारे-वाचणारे होते. आमच्याकडे अर्ध्या बायकांनी शाळा पाहिलेली नव्हती.

अशाच आजींसाठी ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन जातात आणि अक्षरं गिरवतात. सही करता येणं, पोथी स्वतः वाचता येणं याची किंमत ज्याला अंगठा उठवावा लागतो त्यालाच कळते. आमच्याकडेही ज्यांना शिकायचं होतं त्यांना गुरुजींनी शिकवलं. पण अक्षर येत नाही म्हणजे शिकवायला काही नाही, असं मी कधी होऊ दिलं नाही.

याचा पुरावा एका बुधवारी सगळ्यांनी पाहिला. मावशींबरोबर येणाऱ्या एक आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात असं कळलं, आणि गुरुजी वही घेऊन पुढे बसले. आजी सुरू झाल्या, दोन शब्दांवर थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. “गुरुजी, नुसतं बोलून न्हाई यायचं. हात फिराया पायजे.” त्यांनी फळ्याचं लाकडी डस्टर उचललं, टेबलावर उभं धरलं आणि खुंटा धरल्यासारखं गोल फिरवायला लागल्या. फिरवता फिरवता ओवी आली. मग दुसरी, तिसरी. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या. गुरुजींचं पेन मागे पडायला लागलं, पण त्यांना थांबवता येत नव्हतं, कारण थांबवलं की आजींना पहिल्यापासून धरावं लागायचं. खडूची भुकटी टेबलभर झाली होती.

पुढच्या बुधवारी गुरुजींनी वहीतून वाचून दाखवलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. “ही माझी न्हवं.” सुटलेली ओळ गुरुजींनी मनाने भरली होती आणि मात्रांत चोख बसवली होती. त्यांनी ती खोडली आणि आजींना पुन्हा विचारली. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस वही तपासायला देत होता.

मी गुरुजींना हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकता येतं, ते आम्ही आजींना ऐकवलं. त्यांनी पहिल्याच ओवीला मान डोलावली, आणि आपल्याकडे ती पुढे कशी जाते ते म्हणून दाखवलं. गुरुजींची वही आता तिसरी चालू आहे आणि वाचनालयाच्या दाखलनोंद वहीत तिला क्रमांक आहे. तो देताना मला झालेला आनंद एखादा नवा ग्रंथ दाखल करताना होतो त्याहून मोठा होता.

निवृत्त माणसांच्या समूहाबद्दल बोलताना एका गोष्टीचा उल्लेख सहसा होत नाही, ती म्हणजे पैसा. आमच्या हॉलमध्ये शाळेतून, महसुलातून निवृत्त झालेले आहेत; त्यांना महागाई भत्त्यासकट पेन्शन आहे. साखर कारखान्यातले, एसटीतले आहेत. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १००० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये बँकेत कधी येतात त्याची वाट बघणाऱ्या आजी आहेत. आणि मावशींसारख्या आहेत, ज्या पंचाहत्तरीतही पाटी उचलतात. त्या कशातूनच निवृत्त झालेल्या नाहीत. म्हणून आमच्याकडे वर्गणी नाही. सहलीचा प्रस्ताव आला तेव्हा तो मी मांडूच दिला नाही, कारण पैसे भरू शकणारे गेले असते आणि बाकीचे पुढच्या बुधवारी आले नसते. नोंदवहीत पूर्वीचं पद लिहायचा रकाना नाही. खुर्च्या गोल मांडतो, त्यामुळे पहिली रांग कोणाची हा प्रश्न येत नाही. हाका मात्र बदलायला सांगितल्या नाहीत. भाऊसाहेब, सिस्टर, गुरुजी, बापू, ड्रायव्हर मामा. उभ्या आयुष्यात मिळवलेली हाक कोणाकडून काढून घेऊ नये.

सिस्टरांचा वर्ग औषधांचा. सगळ्यांनी घरातल्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या आणि टेबलावर ओतायच्या. मुदत संपलेल्या बाजूला. मग पट्टीवरचं मोठं अक्षर सोडून त्याखालचं बारीक अक्षर बघायचं, कारण औषध तिथे लिहिलेलं असतं, वरचं नाव कंपनीने ठेवलेलं. ड्रायव्हर मामांच्या पिशवीत दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या, एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, एक पुण्याला लेकीकडे असताना मिळालेली. दोन्हींवर बारीक अक्षर एकच: ॲम्लोडिपिन ५. रक्तदाबाची एकच गोळी ते दोनदा घेत होते, आणि सकाळी उठताना चक्कर येते म्हणून वयाला दोष देत होते. सिस्टरांनी कोणतीही गोळी बंद करा असं सांगितलं नाही. दोन्ही पट्ट्या रबराने एकत्र बांधल्या, चिठ्ठी लिहिली आणि उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना त्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून अक्षरांचे आकार जुळवायला शिकवतात. एकदोन आजी यात सगळ्यांच्या पुढे आहेत; ज्यांनी जन्मभर गोधडीचे टाके सारखे घातले, त्यांना आकारातला फरक पटकन दिसतो.

मोबाइलचा वर्ग ड्रायव्हर मामाच घेतात, नातवाकडून शिकून. नातू दोन मिनिटांत दाखवतो आणि निघून जातो. मामा तेच चार वेळा दाखवतात, आणि पाचव्यांदा विचारायला कोणाला लाज वाटत नाही, कारण मामांनाही परवाच कळलेलं असतं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या बापूंच्या हयातीच्या दाखल्याला दरवर्षी अडचण यायची. लेथवर आयुष्य गेलेलं, बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत, यंत्र अंगठा घ्यायचं नाही. चेहऱ्यावरून दाखला निघतो हे मामांनी शोधून काढलं. जीवन प्रमाणचं ॲप, जोडीला आधारचं चेहरा ओळखणारं ॲप. पत्र्याखाली उजेड कमी पडला म्हणून दोघं पायरीवर गेले. “डोळे मिचका, बापू. दोन्ही. आता उघडा.” हिरवी खूण आली आणि वर खिडकीत उभे असलेले सगळे ओरडले. ईपीएसवाल्यांचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तिथून वर्षभर चालतो, पण सरकारी पेन्शनर नोव्हेंबरात येतात. तेव्हा मामांपुढे रांग असते. पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल करून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असं सांगणाऱ्यांबद्दलही त्यांनीच सगळ्यांना सावध केलं. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. आणि घरात छळ होत असेल, कोणी विचारत नसेल, तर १४५६७. दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात, ते पुसायचे नाहीत.

ज्येष्ठ जमले की त्यांच्याभोवती विकणारेही जमतात. गुडघ्याचं मोफत शिबिर, मागोमाग महागडी तपासणी. ग्रॅच्युइटीची रक्कम गुंतवा, दुप्पट करून देतो. एका संस्थेचा माणूस शाल आणि श्रीफळ घेऊन आला होता, सगळ्यांचा सत्कार करतो म्हणाला; पिशवीत योजनेचे अर्ज होते. मी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं, आणि यापुढेही पाठवीन. माणसाला मान मिळेनासा झाला की शालीच्या बदल्यात तो कुठेही सही करतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

पुरुषांपैकी ज्यांच्या पत्नी गेल्या, त्यांचं मला सगळ्यांत कठीण वाटतं. बाई एकटी राहिली तरी तिचं स्वयंपाकघर असतं, शेजार असतो. पुरुष पहिले काही बुधवार येतच नाही. आमच्या नोंदवहीत हजेरीशेजारी एक रकाना आहे: जो आला नाही त्याच्याकडे कोण जाऊन आलं. तो भरल्याशिवाय बैठक संपत नाही. अशाच एका सभासदांकडे बापू गेले, तर ते सकाळ-संध्याकाळ पाव आणि दूध खाऊन दिवस काढत होते. मुलगा परगावी. बापूंनी हॉलमध्ये सांगितलं. मावशी म्हणाल्या, “त्यात काय, शिकवू की.” वाचनालयात विस्तव चालत नाही, म्हणून त्यांच्याच घरी दोन दुपारी पिठलं आणि भाकरी झाली. पहिली भाकरी फुटली, दुसरी जाड झाली. आता ते स्वतःपुरतं करतात, आणि कधीतरी डब्यातून आणून मावशींना चाखायला देतात. मावशी मीठ कमी आहे असं स्पष्ट सांगतात.

जूनमध्ये पेरण्या लागल्या की बुधवार पातळ होतो. सत्तरीतली माणसंही शेतात असतात. मी वाट बघते, बोलावणं धाडत नाही. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी सुरू होते. २०२१ पासून ही पद्धत आली, शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि सातबाऱ्याच्या खालच्या भागात ते पीक लागतं. नोंद राहिली तर पीकविम्याला आणि नुकसानभरपाईला अडतं. यंदा ड्रायव्हर मामा आणि बापू मोबाइल घेऊन बांधाबांधाने फिरणार आहेत, पहिला नंबर मावशींच्या वावराचा. सोयाबीन आणि तूर, दोन्ही लागली पाहिजेत असं मावशींनी त्यांना बजावलं आहे, आणि मिश्र पिकाचं क्षेत्र कसं विभागून भरायचं ते भाऊसाहेबांनी फळ्यावर आत्ताच काढून ठेवलं आहे.